आपल्याच आठवणींचं भाडं कशाला?



आज थोडं भांडायचंच आहे. लग्न, बारसं, पर्युषणाचं पारणं, सगळ्याचे व्हिडिओ आपल्याकडे असतात. कुठे आहेत विचारलं की उत्तर ठरलेलं: "क्लाउडवर. मुलगा बघतो ते." म्हणजे वस्तू आपली, जागा परक्याची आणि किल्ली मुलाकडे. हे मला पटत नाही.

मी कॉमर्सची. भांडवली खर्च वेगळा, महसुली खर्च वेगळा, हे डोक्यात पक्कं आहे. समजा ऑनलाइन जागेला महिना 200 रुपये. वर्षाचे 2,400, दहा वर्षांचे 24,000. आणि शेवटी हातात काय? भाड्याची पावती. अटीही घरमालकाच्याच. गूगल फोटोजवर पूर्वी अमर्याद फोटो फुकट ठेवता यायचे. 1 जून 2021 पासून ते बंद झालं आणि नवे फोटो 15 जीबीच्या मोफत हिशेबात धरले जाऊ लागले.

याला घरगुती उपाय आहे. बऱ्याच वायफाय राऊटरना मागे यूएसबीची जागा असते. तिथे एक्स्टर्नल हार्ड डिस्क लावायची आणि राऊटरच्या सेटिंगमध्ये 'मीडिया सर्व्हर' किंवा 'डीएलएनए' सुरू करायचं. स्मार्ट टीव्ही त्याच वायफायवर असला, की बहुतेक वेळा 'सोर्स'च्या यादीत डिस्कचं नाव दिसतं. मोबाइलवर व्हीएलसी हे मोफत अ‍ॅप चालतं. राऊटरला अशी सोय नसेल, तर जुन्या लॅपटॉपला डिस्क जोडून त्यावर जेलीफिन हा मोफत प्रोग्रॅम घालता येतो. व्हिडिओ घरातल्या घरातच फिरतो, त्यामुळे नेट बंद असलं तरी दिसतो आणि डेटाही खर्च होत नाही. अडकत असेल तर टीव्ही 5 गीगाहर्ट्झच्या वायफायवर घ्या, नाहीतर सरळ केबल लावा.

"डिस्क बिघडली तर?" बिघडणारच कधीतरी, तिलाही घसारा आहे. म्हणून दोन डिस्क घ्या. दुसरीवर सगळ्याची नक्कल करून ती बहिणीकडे ठेवा. परदेशातल्या नातवाला दाखवायचे चार व्हिडिओ खुशाल क्लाउडवर राहू देत. घरातली डिस्क मात्र बाहेरच्या इंटरनेटला उघडी करू नका.

"साठवणं हा परिग्रहच," असं कुणी म्हणेल. बरोबर आहे. म्हणून आधी निवडा. एकाच केकचे चाळीस फोटो कशाला? आणि कुणाकडून कॉपी केलेले चोरीचे सिनेमे तर नकोतच. अचौर्य फक्त देरासरापुरतं नसतं.

राहिला शेवटचा आक्षेप, "आपल्याला नाही जमणार." हा मला सगळ्यात जास्त खटकतो. यूपीआय शिकलो, बँकेचं अ‍ॅप शिकलो, व्हिडिओ कॉलवर सुनेला मुगाचा शिरा शिकवला. मग एक वायर लावून एक बटण सुरू करणं तेवढं अवघड? सासूबाईंचा आवाज, वडिलांचं हसू ज्यात आहे, त्या कपाटाची किल्ली आपल्या कमरेला हवी. मुलाला जरूर विचारा, पण "करून दे" म्हणू नका, "दाखव, मी करते" म्हणा.