आवडीला श्रेयांक लावताना

एनएसएस, योग, सांस्कृतिक उपक्रम यांना आता पदवीच्या अभ्यासक्रमात श्रेयांक मिळतात. अभ्यास आणि अभ्यासेतर यांतली भिंत पाडायची, हा २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाचा हेतू. तो वाईट म्हणता येणार नाही. पण प्रेरणेच्या मानसशास्त्राने पन्नास वर्षांपूर्वीच दिलेला इशारा आपण वाचलेला दिसत नाही.

१९७३ साली लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांनी स्टॅनफर्डच्या बालवाडीत एक प्रयोग केला. स्केचपेनने चित्रे काढायला मुळातच आवडणारी मुले त्यांनी निवडली. काहींना आधीच सांगितले, की चित्र काढलेत तर प्रशस्तिपत्र मिळेल. काहींना ते अचानक दिले, काहींना दिलेच नाही. पुढे मोकळ्या वेळात पहिल्या गटातली मुले इतरांच्या जवळपास निम्माच वेळ चित्रांत रमली. अचानक बक्षीस मिळालेल्यांची गोडी मात्र कायम होती. म्हणजे घात बक्षिसाने नव्हे, आधी ठरलेल्या सौद्याने केला.

या निष्कर्षांवर पुढे बराच वाद झाला, आणि त्यातून एक महत्त्वाची मर्यादा पुढे आली: मुळात गोडीच नसलेल्या कामात बक्षिसाने फारसे बिघडत नाही. कंटाळवाण्या पाठांतराला गुण ठेवा, हरकत नाही. धोका आहे तो भित्तिपत्रक, नाट्यमंडळ, वाचनकट्टा अशा ठिकाणी, जिथे मुले आपणहून येत होती. ‘सर, याला मार्क्स आहेत का?’ हा प्रश्न वर्गातून आता तिथेही पोचला, तर दोष मुलांना कसा द्यायचा? हिशेब आपणच शिकवला.

अभ्यासातही गुणांचा हिशेब असाच घात करतो. रोडिगर आणि कार्पिकी यांच्या २००६च्या प्रयोगात धडा पुन्हा वाचणाऱ्यांना पाच मिनिटांनी जास्त आठवले. आठवड्यानंतर मात्र न बघता आठवून लिहिणारे पुढे होते. स्मरणाचा हा सराव आपल्याकडे येताच त्याची ‘अंतर्गत चाचणी’ होते. मग उपस्थितीचा तगादा, कॉपी आणि सरसकट वाटलेले गुण. शिकण्याचे साधन मोजमापाच्या कामी लागले, की ते शिकण्याच्या कामाचे उरत नाही.

त्याऐवजी एवढेच करून पाहावे: तासाच्या शेवटची पाच मिनिटे, कोरा कागद, मागच्या आठवड्यातले जे आठवेल ते. गुण नाहीत, पोर्टलवर नोंद नाही. महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या फायलीत त्याचा पुरावा राहणार नाही, आणि प्राचार्यांनी तो मागूही नये.