जागे करण्याचा अधिकार कोणाचा?

लॅपटॉपचे झाकण मिटले की यंत्र झोपते आणि उघडले की जागे होते, ही गोष्ट इतकी अंगवळणी पडली आहे की तिच्यामागे काही व्यवस्था आहे याची कोणाला आठवणही राहत नाही. आठवण होते ती व्यवस्था मोडल्यावर. पडदा उजळतो, कळफलक चालतो, पण टचपॅडवर बोट कितीही फिरवले तरी पडद्यावरील बाण जागचा हलत नाही. कधी याच्या उलट घडते. पिशवीत ठेवलेल्या यंत्राचे झाकण दाबले जाते, टचपॅडला तो स्पर्श वाटतो आणि यंत्र आपोआप जागे होऊन आतल्या आत तापत राहते. मुक्कामी पोचेपर्यंत बॅटरी संपलेली असते. अशा तक्रारींना ‘तांत्रिक अडचण’ म्हणून मोकळे होण्याची प्रथा आहे. वास्तविक या अडचणीच्या मुळाशी मालकीचा प्रश्न आहे: यंत्र विकत घेणाऱ्याचे, की त्याच्या झोपेची आणि जागेची सूत्रे ज्याने स्वतःकडे राखून ठेवली त्याचे?

झोपेचे नियम १९९६ साली इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा या कंपन्यांनी ‘एसीपीआय’ नावाच्या संहितेत प्रथम बांधले. त्यातील ‘एस-३’ या अवस्थेत स्मृतीला तेवढा वीजपुरवठा चालू राहतो आणि बाकीचे बहुतेक यंत्र बंद होते. जाग येते तेव्हा प्रथम धावते ते फर्मवेअर, म्हणजे कारखान्यातच चिपमध्ये बसवून दिलेली आज्ञावली. तिचे काम झाल्यावर सूत्रे ऑपरेटिंग सिस्टिमकडे येतात आणि मग प्रत्येक सुट्या भागाचा ड्रायव्हर आपापल्या भागाला उठवतो. कोणत्या भागाला यंत्र जागे करण्याची मुभा आहे, हेही फर्मवेअरमधील तक्त्यांतच लिहिलेले असते. तो तक्ता चुकीचा असेल, तर ड्रायव्हर लिहिणारा कितीही कसबी असला तरी आरंभालाच अंधारात चाचपडू लागतो.

टचपॅड हा काही मुका पत्रा नव्हे. त्याच्या पोटात स्वतंत्र चिप असते आणि त्या चिपचे स्वतःचे फर्मवेअर असते. १९८७ साली आयबीएमने आणलेल्या पीएस/२ पद्धतीने जोडलेला टचपॅड वीज तुटताच आपली सारी ओळख विसरतो आणि जाग आल्यावर साध्या माऊससारखा वागू लागतो. ड्रायव्हरला त्याला पुन्हा मूळ स्थितीवर आणावे लागते, तू कोण म्हणून पुन्हा विचारावे लागते आणि झोपण्यापूर्वीचा तो हाच, याची खातरजमा करून घ्यावी लागते. चिपने उत्तर द्यायला उशीर केला, की ही सारी खटपट फुकट जाते.

पुढे ‘आय-टू-सी’ ही जोडणी रूढ झाली. तिच्यावरील टचपॅडशी कसे बोलावे याचे नियम मायक्रोसॉफ्टने २०१२ साली उघडपणे प्रसिद्ध केले. ‘जागा हो’, ‘झोप’, ‘मूळ स्थितीवर ये’ अशा मोजक्या आज्ञा त्यात आहेत. नियम चांगले आहेत. पण नियम छापले म्हणजे ते पाळले जातातच असे नाही. एखादी चिप जागी झाल्यावर पुन्हा मूळ स्थितीवर आणल्याखेरीज कामच करत नाही, तर दुसरी मूळ स्थितीवर आल्याची वर्दीच देत नाही.

ही सारी अपवादांची वही आज कोण लिहीत आहे, हे पाहण्यासारखे आहे. लिनक्स या मुक्त ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात अशा चुकार यंत्रांच्या याद्याच आहेत. कोणत्या मॉडेलचा कळफलक-नियंत्रक जाग आल्यावर अडतो, कोणत्या टचपॅडला निराळी वागणूक द्यावी लागते, हे तेथे ओळीओळीने नोंदलेले आहे. त्यांतील कितीतरी ओळींमागे एखादा सामान्य वापरकर्ता उभा आहे. बिघाड त्याने पुन्हा पुन्हा घडवून पाहिला, नोंदी पाठवल्या, उपाय तपासला. या कामात काही कंपन्यांचे पगारी अभियंतेही आहेत, हे मान्य केले पाहिजे. तरीही हिशेब उघड आहे: चूक कारखान्यातली, तिच्या दुरुस्तीचे श्रम समाजाचे, आणि विक्रीचा नफा मात्र पुन्हा कंपनीचा.

त्याहून गंभीर बाब म्हणजे झोपेची पद्धतच वरून बदलली गेली. २०१२ मध्ये विंडोज ८ बरोबर आणि २०१५ मध्ये विंडोज १० बरोबर अशी अवस्था पुढे आली, की जिच्यात यंत्र पुरते झोपत नाही. ते मोबाइलसारखे पेंगत असते आणि अधूनमधून कामे करते. तिचे फायदे आहेत. परंतु नव्या लॅपटॉपांपैकी अनेकांच्या फर्मवेअरमधून जुनी ‘एस-३’ झोप काढूनच टाकण्यात आली. गाढ झोप हवी की पेंग, हे ठरवण्याची मुभा यंत्राच्या धन्याला उरली नाही.

यावर कंपन्यांचे दोन आक्षेप असतात. पहिला व्यापारी गुपिताचा. परंतु टचपॅडला कोणत्या क्रमाने उठवावे, किती वेळ थांबावे, कोणती तार जागे करण्याचा इशारा देते, यात गुपित ते काय? २०१२ चे नियम प्रसिद्ध झाल्याने कोणाचा धंदा बुडाला नाही. दुसरा आक्षेप सुरक्षिततेचा, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. फर्मवेअरमध्ये चोराने हात घातला तर अनर्थ होतो, म्हणून कुलूप हवेच. प्रश्न किल्लीचा आहे. घराच्या कुलपाची किल्ली बांधणाऱ्या कंत्राटदाराकडेच राहावी, असे कोणी म्हणत नाही. शिवाय कंपनीने त्या मॉडेलची दुरुस्ती थांबवली की कुलूप राहते आणि राखणदार निघून जातो.

या प्रश्नाची झळ सर्वांना सारखी लागत नाही. ऐपत असणारा नवे यंत्र घेतो. जुना लॅपटॉप विकत घेणारा विद्यार्थी, शाळेची प्रयोगशाळा, ग्रंथालय, संघटनेचे कार्यालय यांना आहे त्या यंत्रावरच वर्षे काढायची असतात. त्यांच्या वाट्याला येतो बाहेरून लावलेला माऊस आणि दर वेळी यंत्र बंद करून सुरू करण्याचा शिरस्ता.

सरकारी पातळीवर पावले पडली आहेत, पण ती उंबरठ्यावरच थांबली आहेत. केंद्र सरकारने २०१५ साली मुक्त सॉफ्टवेअरच्या वापराचे धोरण जाहीर केले; त्याचा रोख ई-प्रशासनावर होता. २०२२ साली ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या अधिकारासाठी समिती नेमली, तेव्हा शेती अवजारे, मोबाइल व टॅबलेट, टिकाऊ गृहोपयोगी वस्तू आणि वाहने ही क्षेत्रे निवडली गेली; लॅपटॉपचे नाव त्यांत स्वतंत्रपणे आले नाही. शिवाय दुरुस्ती म्हटले की सुटे भाग आणि पेचकस एवढेच डोळ्यांपुढे येते. आतली आज्ञावलीही दुरुस्त व्हावी लागते, हा विचार अजून रुजलेला नाही.

म्हणून मागणी नेमकी असावी. सार्वजनिक पैशातून, शाळांसाठी असोत वा कचेऱ्यांसाठी, लॅपटॉप खरेदी होतील तेव्हा निविदेतच अटी घालाव्यात: सुट्या भागांशी बोलण्याचे नियम प्रसिद्ध करावेत, झोप आणि जाग यांच्या चाचण्या एकाहून अधिक ऑपरेटिंग सिस्टिमांवर करून दाखवाव्यात, कोणत्या भागाने यंत्र जागे करावे हे ठरवण्याची सोय वापरणाऱ्याला द्यावी, आणि कंपनीचा पाठिंबा संपताच फर्मवेअर बदलण्याची किल्ली धन्याच्या हाती यावी. हजारो यंत्रे एकरकमी घेणाऱ्या शासनाला हे सांगण्याचे सामर्थ्य आहे. एकट्यादुकट्या ग्राहकाला ते नाही, आणि म्हणूनच ही मागणी संघटितपणे झाली पाहिजे.

बोट ठेवल्यावर बाण हलावा, ही अपेक्षा क्षुल्लक वाटेल. परंतु अशा क्षुल्लक जागीच श्रमाच्या साधनांवरील ताबा हळूहळू हातातून निसटतो, आणि तो निसटल्याचे कळायला उशीर होतो.