पोरं गाव सोडतात, कारण त्यांना हिशेब येतो



खेड्यातली तरुण पोरं शहराकडे पळतात, हे रडगाणे गायल्याशिवाय आपल्याकडे कुठलाही कार्यक्रम संपत नाही. पुढारी गातो, प्राध्यापक गातो, कृषी प्रदर्शनाची फीत कापायला आलेला साहेबही गातो. गाणाऱ्याचे घर नागपुरात असते, त्याची पोरं पुण्यात नाहीतर परदेशात असतात. उपदेश मात्र उमरेडच्या कास्तकाराच्या पोराला: बाबा, मातीशी नाते तोडू नको!

या मंडळींच्या मते पोरांना शहराच्या झगमगाटाची भूल पडली आहे, मोबाईलने त्यांची डोकी फिरली आहेत, त्यांना कष्ट नकोत. हे तिन्ही आरोप खोटे आहेत. नागपुरात बारा-बारा तास चौकीदारी करणारा, वाठोड्याच्या किरायाच्या खोलीत चौघांत एक पंखा लावून झोपणारा, सकाळी कुणाच्या तरी दारात जेवणाचे पार्सल पोचवणारा पोरगा कष्टाला भितो असे म्हणायला लाज वाटली पाहिजे. पोरगा कष्टाला भीत नाही. फुकट जाणाऱ्या कष्टाला भितो.

राहण्याची जागा निवडताना तरुण माणूस काय पाहतो, हे त्याला कोणी विचारत नाही. विचारले तर चार गोष्टी निघतील.

पहिली गोष्ट: हाती काय येते आणि कधी येते

पाच एकरांचा हिशेब मांडू. समजा, एकरी सहा क्विंटल सोयाबीन झाले. २०२४-२५ च्या हंगामाचा हमीभाव होता ४,८९२ रुपये. दिवाळीच्या तोंडावर बाजारात माल गेला तेव्हा ठिकठिकाणी भाव त्याच्या खाली होता. चार हजार धरा. तीस क्विंटलचे झाले एक लाख वीस हजार. बियाणे, खत, फवारणी, डवरणी, निंदण, सोंगणी, मळणी, वाहतूक मिळून एकरी सोळा हजार धरा, ऐंशी हजार गेले. उरले चाळीस हजार, तेही वर्षाचे, साऱ्या घराच्या मजुरीसकट, आणि पावसाने साथ दिली तर. ज्याला हे आकडे पटत नाहीत त्याने आपल्या वावराचे आकडे घालून पाहावेत. दुसरीकडे महिना बारा हजारांची चौकीदारी वर्षाला एक लाख चव्वेचाळीस हजार देते, आणि दर महिन्याला देते. बारावी नापास पोरालाही ही वजाबाकी करता येते.

बरे, कधी भाव आलाच तर? ऑगस्ट २०२१ मध्ये सोयाबीन दहा हजारांच्या वर गेले. सरकारने लगेच बारा लाख टन सोयापेंड आयातीला परवानगी दिली. डिसेंबर २०२१ मध्ये सोयाबीनच्या वायदे बाजारावर बंदी आली. ऑगस्ट २०२५ मध्ये कापसाचा ११ टक्के आयातकर आधी सप्टेंबरअखेरपर्यंत आणि मग डिसेंबरअखेरपर्यंत माफ झाला, म्हणजे नेमका आपला कापूस घरात येण्याच्या दिवसांत. पोरगा हे सारे बापाच्या शेजारी बसून पाहतो. भाव पडला तर नशीब आणि चढला तर सरकार आडवे, अशा धंद्यात तो कशाला उतरेल?

दुसरी गोष्ट: लग्न

डिसेंबर २०२२ मध्ये सोलापुरात बिनलग्नाच्या तरुणांनी मुंडावळ्या बांधून, घोड्यावर बसून कलेक्टर कचेरीवर मोर्चा नेला. पेपरवाले हसले. त्यात हसण्यासारखे काही नव्हते. आपल्या तालुक्यातही पस्तिशीला आलेली, निर्व्यसनी, पाच-सात एकरांची पोरं बसून आहेत. याचा दोष मुलींना देणे सोपे आहे: "हिला वावर पाहिजे, पण वावरात जाणारा नवरा नको." मी म्हणतो, मुलीचा हिशेब पोरापेक्षा पक्का आहे. तिने आपल्या आईचे आयुष्य पाहिले आहे. पहाटेपासून घर, मग दिवसभर निंदण, संध्याकाळी पुन्हा चूल. आणि सातबारावर नाव नाही, चुकाऱ्याच्या पैशावर हक्क नाही. १९८६ साली चांदवडला लाखो शेतकरी बाया जमल्या होत्या. बाईच्या नावावर जमीन करण्याची लक्ष्मीमुक्तीची मोहीम त्यानंतर गावोगाव गेली. १९९४ साली महाराष्ट्राने आणि २००५ साली देशाने वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाच्या बरोबरीचा वाटा दिला. कायदा झाला, पण आपल्या घरांत किती झाला? बहिणीकडून हक्कसोड लिहून घेणारा भाऊ आता स्वतःला बायको मिळत नाही म्हणून रडतो, तेव्हा त्याचे डोळे पुसायला मला जमत नाही.

उमरेडच्या कोळसा पट्ट्यात तर याहून कडू गंमत आहे. कोल इंडियाच्या पुनर्वसन धोरणात दोन एकराला एक नोकरी असा हिशेब आहे. जमीन खाणीत गेली आणि वेकोलित नोकरी लागली, की त्याच पोराच्या दारात सोयरिकी येतात. जमीन पिकत होती तोवर नवरदेवाला किंमत नव्हती. जमिनीचा खड्डा झाला, तेव्हा किंमत आली. शेतीच्या धंद्याची याहून मोठी बेइज्जती कोणती?

तिसरी गोष्ट: रात्र

शहरातला माणूस रात्री झोपतो. आपला कास्तकार वर्षानुवर्षे रात्रीच्या पाळीची वीज आली की ओलितासाठी निघतो. उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्याच्या कडेच्या गावांत हे निघणे म्हणजे काय, हे बॅटरी आणि काठी घेऊन जाणाऱ्यालाच ठाऊक. साप आहे, रानडुक्कर आहे, वाघही आहे. २०१६ साली जय नावाचा वाघ दिसेनासा झाला, तेव्हा देशभरच्या वर्तमानपत्रांनी त्याचा शोध घेतला. वाघाची काळजी जरूर घ्या. पण त्याच गावांतून दरवर्षी नाहीशा होणाऱ्या पोरांसाठी कोणी पायाचे ठसे मोजले काय?

पाण्याचेही तेच. गोसीखुर्दची पायाभरणी २२ एप्रिल १९८८ ला झाली, तेव्हाचा अंदाज ३७२ कोटींचा होता. २००९ साली तो राष्ट्रीय प्रकल्प झाला. पायाभरणीच्या साली जन्मलेले पोरगे शिकले, कालव्याची वाट पाहून थकले आणि शहरात जाऊन दोन लेकरांचे बाप झाले. कालव्यांच्या कामांची चर्चा मात्र चालूच राहिली.

चौथी गोष्ट: कोणी ओळखत नाही याचे सुख

हे आपल्या लोकांना ऐकायला आवडत नाही, म्हणून मुद्दाम लिहितो. शेजारच्या वर्धा जिल्ह्यात गांधीजी १९३६ साली खेड्यात येऊन राहिले आणि देशाला खेड्याची वाट दाखवली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ४ नोव्हेंबर १९४८ ला घटना समितीत खेड्याच्या या कौतुकावर कडक टीका केली आणि घटनेने गाव नव्हे तर माणूस हा घटक मानला याचे स्वागत केले. दोघेही आपल्या मुलुखाला जवळचे. पण पोरांनी पायाने मत दिले ते बाबासाहेबांना. शहरात खोली घेताना जात आडवी येत नाही असे नाही, येते. तरी पाण्याच्या नळावर, चहाच्या टपरीवर, बसच्या सीटवर कोणी आजोबाचे नाव विचारत नाही. मुलीला तर हे सुख दुप्पट. ती किती वाजता आली, कुणाशी बोलली, याची पारावर चर्चा होत नाही. गावाला पोरं हवी असतील, तर गावाने आधी हा पार मोडला पाहिजे.

"पण कोरोनात गावच कामी आले ना?"

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि लोक पायी गावाकडे निघाले. तेव्हा उपदेशकांना आनंद झाला: पाहा, शेवटी मातीच कामाला आली! आली, खरे आहे. गावाने भाकर दिली, अंथरूण दिले. पण टाळेबंदी उठताच तीच माणसे परत गेली. का? गावाकडे आसरा आहे, कमाई नाही. संकटात ज्या घरी जावेसे वाटते आणि सुखाच्या दिवसांत जिथे राहता येत नाही, त्या घराच्या प्रेमाचे गोडवे गाऊन काय होणार?

दुसरे उत्तर असते योजनांचे. डॉ. अब्दुल कलामांनी खेड्यात शहरी सोयी देण्याची 'पुरा' कल्पना मांडली. २०१४ साली सांसद आदर्श ग्राम योजना आली आणि आपल्या उमरेड रस्त्यावरचे पाचगाव तिच्यात निवडले गेले. तिथे काय झाले आणि काय राहिले ते पाचगावकर सांगतील. माझा सवाल साधा आहे. खासदाराने निवडल्यावर गाव आदर्श होणार असेल, तर न निवडलेल्या शेकडो गावांचे काय? आणि सिमेंटच्या रस्त्याने सोयाबीनचा भाव वाढतो काय? तोट्यातल्या दुकानाला रंग दिला म्हणून गल्ला भरत नाही.

जाणाऱ्याला जाऊ द्या

आता आपलेही एक चुकीचे बोलणे सोडू. गाव सोडणारा पोरगा गद्दार नाही. १९७०-७१ मध्ये महाराष्ट्रात सरासरी वहिवाट ४.२८ हेक्टरची होती. २०१५-१६ मध्ये ती १.३४ हेक्टरवर आली. एवढ्या तुकड्यावर चार भाऊ बसले तर चौघेही उपाशी. तीन गेले आणि चौथ्याने सगळी जमीन वाहिली, तर निदान एकाचे घर चालेल. जाणारा हा राहणाऱ्याचा वैरी नाही, त्याचा आधार आहे.

पण आपले कायदे जाणाऱ्यालाही सुखाने जाऊ देत नाहीत. विदर्भाचा कूळकायदा १९५८ चा. जमीन लिहून ठेक्याने दिली तर कूळ लागेल, ही धास्ती पिढ्यान्‌पिढ्या बसली आहे. म्हणून ठेका तोंडी होतो. करणाऱ्याला ना पीककर्ज, ना विम्याचा भरवसा, आणि मालकाला ना झोप. २०१६ साली नीती आयोगाने जमीन भाडेपट्ट्याचा नमुना कायदा सुचवला, पण धास्ती तशीच आहे. विकायला जावे, तर ज्याच्याकडे शेती नाही त्याला परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. सातबारा गेला की परतीचा दाखला गेला. म्हणून नागपूरला गेलेला पोरगा एक एकर पडीक ठेवतो, पण सोडत नाही. असा पोरगा शहरातही पुरता राहत नाही आणि गावातही राहत नाही.

आणि राहणाऱ्याचे? उमरेड ते नागपूर अंतर पन्नास किलोमीटरच्या आत आहे. राहायला उमरेड, कामाला नागपूर, ही तिसरी वाट कित्येक पोरांना चालली असती. घरचे जेवण, किराया नाही, रविवारी वावर. त्यासाठी गाडी पाहिजे. आपली नागपूर-नागभीडची छोटी लाईन नोव्हेंबर २०१९ मध्ये ब्रॉडगेजच्या कामासाठी बंद झाली आणि पुढची कित्येक वर्षे उमरेडला आगगाडी उरली नाही. मार्च २०२३ पासून बायांना एसटीचे अर्धे तिकीट झाले, चांगले झाले. पण रात्री कामावरून सुटणाऱ्या मुलीला तिकीट अर्धे आणि गाडीच नाही, तर ती वाठोड्यात खोली करणारच.

म्हणून जिल्हा बैठकीत आपण "तरुणांनो, गाव सोडू नका" असा ठराव करू नये. ठराव करायचा तर हा करा: शेतमालाचा भाव चढू लागला की आयात आणि बंदीचे हत्यार उपसणे बंद करा. शेतीला दिवसा वीज द्या. लेखी ठेक्याला कायद्याचे पक्के संरक्षण द्या, मालकालाही आणि करणाऱ्यालाही. पहाटे आणि रात्री नागपूरची गाडी द्या. हे सरकारला सांगायचे. आणि स्वतःला सांगायचे ते एकच: घरी गेल्यावर बायकोचे आणि लेकीचे नाव सातबारावर चढवा.

पोरांना हिशेब येतो. तो जुळला, तर त्यांना थांबवायला भाषणे लागणार नाहीत. आणि जुळणार नसेल, तर त्यांना थांबवण्याचा हक्क कोणालाच नाही, बापालाही नाही.