जोडणीचे भांडवल : शिकागोच्या जीटीसीआरचा इतिहास

जीटीसीआर ही शिकागोतील प्रायव्हेट इक्विटी संस्था १९८० मध्ये ‘गोल्डर थोमा’ या नावाने सुरू झाली. स्टॅन्ली गोल्डर आणि कार्ल थोमा हे तिचे संस्थापक. ब्रायन क्रेसी आणि ब्रूस राउनर मागाहून भागीदार झाले आणि चौघांच्या आडनावांची आद्याक्षरे पुढे संस्थेचे नाव बनली. अमेरिकेत वर्षाला १ कोटी ते १ अब्ज डॉलर उलाढाल असलेल्या कंपन्यांना मिड-मार्केट म्हणतात. गोल्डर-थोमांनी सुरुवातीला हेरले ते त्याच्याही खालच्या पायरीवरचे, विखुरलेले छोटे धंदे.

अशा संस्थांविषयी एक मत पक्के रुजले आहे : कर्ज काढून कंपनी घ्यायची, ते कर्ज तिच्याच डोक्यावर ठेवायचे, माणसे कमी करायची, मालमत्ता विकायची आणि नफा घेऊन बाहेर पडायचे. या मताला आधार आहे. १९८८-८९ मध्ये कोहलबर्ग क्रॅव्हिस रॉबर्ट्स या संस्थेने आरजेआर नॅबिस्को सुमारे २५ अब्ज डॉलरना घेतली तेव्हा बहुतेक रक्कम कर्जाचीच होती. परंतु एका अजस्र सौद्यावरून सगळ्या व्यवसायाची कुंडली मांडणे चूक आहे.

जीटीसीआरचे मूळ कर्जबाजारी सौद्यांत नाही, बँकेच्या साहसी भांडवलात आहे. छोट्या उद्योगांना भांडवल मिळावे म्हणून १९५८ मध्ये अमेरिकेत कायदा झाला आणि त्या वाटेने बँकांना उपकंपन्यांमार्फत नव्या कंपन्यांत हिस्सा घेता येऊ लागला. फर्स्ट शिकागो या बँकेचा असा विभाग गोल्डर चालवत. थोमा आणि क्रेसी तेथेच तयार झाले. पुढे १९७९ मध्ये अमेरिकेच्या श्रम खात्याने पेन्शन फंडांच्या गुंतवणुकीचे नियम सैल केले आणि निवृत्तिवेतनाचा पैसा अशा फंडांकडे वळू लागला. गोल्डर-थोमांनी बँक सोडली ती नेमकी याच सुमारास.

त्यांची पद्धत उलट्या क्रमाची होती. आधी धंद्यातला अनुभवी माणूस शोधायचा, त्याच्याबरोबर एक कंपनी उभी करायची आणि मग त्याच धंद्यातल्या छोट्या कंपन्या एकेक करून तिला जोडायच्या. व्यवसायाच्या भाषेत पहिली ती ‘प्लॅटफॉर्म’ आणि नंतरच्या ‘ॲड-ऑन’. त्यांच्या भांडवलावर वाढलेली पेजनेट ही पेजर कंपनी अमेरिकेतली सर्वांत मोठी ठरली. पेजरच्या धंद्यात विस्ताराला खरा अर्थ होता. जाळे जितके पसरेल तितका ग्राहकाला संदेश अधिक ठिकाणी मिळणार. मोबाइल फोन आल्यावर, २००० मध्ये, तीच पेजनेट दिवाळखोरीत गेली. म्हणून आधीची वाढ खोटी ठरत नाही, आणि आकाराने संरक्षण मिळते हा भ्रमही टिकत नाही.

मोडतोडीच्या आरोपाला आकड्यांचेही उत्तर आहे. स्टीव्हन डेव्हिस, जॉश लर्नर आणि सहकाऱ्यांच्या २०१९ च्या अभ्यासात शेअर बाजारातून काढून घेतलेल्या कंपन्यांतील रोजगार दोन वर्षांत सुमारे १३ टक्क्यांनी घटलेला आढळला, तर आधीपासून खाजगी असलेल्या कंपन्यांत तो जवळजवळ तितकाच वाढला. मिड-मार्केटचे बहुतेक सौदे या दुसऱ्या जातीचे असतात.

आता दुसरा पक्ष, या व्यवसायाचा स्वतःचा. मूल्यात झालेली सारी वाढ कुशल व्यवस्थापनाची, असे हा पक्ष म्हणतो. ते खोडायला साधा हिशेब पुरेसा आहे. वर्षाला १० लाख डॉलर नफा कमावणाऱ्या १० कंपन्या प्रत्येकी नफ्याच्या ५ पटीने घेतल्या, तर खर्च ५ कोटी. एकत्र झाल्यावर १ कोटी नफ्याच्या त्या एका कंपनीला बाजार ८ पट भाव देतो, म्हणजे ८ कोटी. मधले ३ कोटी एकही जादा वस्तू न विकता आले. ही किमया आकाराची आहे. तिला कारागिरीचे श्रेय देणे हा अप्रामाणिकपणा आहे.

मग खरे काय मानावे? जोडणीचा न्याय त्या-त्या धंद्यावरून करावा लागतो. ग्राहक दर्जा पारखू शकत असेल आणि पर्याय निवडू शकत असेल, तर मोठी कंपनी त्याला काही देते. वृद्धांच्या शुश्रूषागृहात ही अट मोडते : बिल बहुतांशी सरकार भरते आणि अंथरुणावरच्या माणसाला दुसरीकडे जाता येत नाही. अतुल गुप्ता, सब्रीना हॉवेल आणि सहकाऱ्यांच्या २०२१ च्या अभ्यासानुसार, प्रायव्हेट इक्विटीच्या मालकीच्या शुश्रूषागृहांत अल्पकाळ राहिलेल्या, मेडिकेअर या सरकारी आरोग्यविम्यावरील रुग्णांचे मृत्यू सुमारे १० टक्क्यांनी अधिक होते. याहून गंभीर आक्षेप या व्यवसायावर दुसरा नाही, आणि रोजगारवाढीचा कोणताही आकडा त्याची भरपाई करत नाही. जीटीसीआरने पाठबळ दिलेली ट्रान्स हेल्थकेअर ही याच क्षेत्रातली. राउनर २०१४ मध्ये इलिनॉयच्या गव्हर्नरपदासाठी उभे राहिले तेव्हा तिच्यावरून प्रचारात वाद झाला. निवडणूक ते जिंकले.

संस्था स्वतः १९९८ मध्ये दुभंगली. थोमा आणि क्रेसी वेगळे झाले. २००८ मध्ये त्यांच्याही वाटा फुटल्या : क्रेसी आरोग्यसेवेकडे गेले आणि थोमांची ‘थोमा ब्राव्हो’ ही संस्था सॉफ्टवेअर कंपन्यांकडे. जीटीसीआरने २०२३ मध्ये वर्ल्डपे या कंपनीतील ५५ टक्के हिस्सा घेण्याचा करार केला, तेव्हा कंपनीचे मूल्यांकन १८.५ अब्ज डॉलर होते. मिड-मार्केट जीटीसीआरने मागे टाकले. तिथली जोडणी आता इतर संस्था करतात, दंतवैद्यांच्या आणि पशुवैद्यांच्या दवाखान्यांची. मालक बदलला तरी दारावर पाटी पुष्कळदा जुन्या डॉक्टरांचीच राहते.