जुन्या ट्रॉलीचे सुटे भाग : अंदाज नको, माप हवे

दसरा उलटला की ऊसपट्ट्यातील गावोगावी पावसाळाभर बांधाकडेला उभ्या असलेल्या ट्रॉल्या बाहेर निघतात. चाकांत हवा भरली, फाळक्यांना रंग दिला आणि चार नट आवळले की ट्रॉली हंगामाला सज्ज झाली, असा पुष्कळांचा समज असतो. हा समज घातक आहे. शेतात चाक निखळले तर कामाचा खोळंबा होतो. भरल्या रस्त्यावर निखळले तर एखाद्याचा जीव जातो.

जुन्या ट्रॉलीविषयी दोन मते ऐकू येतात. जुनी ट्रॉली म्हणजे भंगार, हे एक. आणि गावचा कारागीर काहीतरी जुळवून देईल, हे दुसरे. दोन्ही मते टोकाची आहेत. ट्रॉलीचा सांगाडा गंजाने खाल्लेला नसेल तर तो पुष्कळ वर्षे काम देतो. झिजतात ती बेअरिंगे, ऑइल सील, पिना व टायर. हे भाग मुळात बदलण्यासाठीच असतात. त्यासाठी नवी ट्रॉली घेऊन कर्ज वाढविण्याचे कारण नाही. परंतु झिजलेल्या भागावर ठिगळ लावून भागविणेही योग्य नव्हे.

अडचण येते ती भाग मिळविताना. पुष्कळ ट्रॉल्या लहान कारखान्यांत तयार झालेल्या असतात. काही वर्षांनी कारखाना बंद पडतो, ट्रॉलीवरील पाटीही गंजून जाते. मग शेतकरी दुकानात जाऊन नुसते “ट्रॉलीचे बेअरिंग” मागतो आणि दुकानदार अंदाजाने देतो. ते सैल बसले की खाली पत्र्याची पट्टी घालून आवळले जाते. अपघाताचे बीज येथेच पेरले जाते.

वास्तविक कारखाना बंद पडला तरी भाग मिळणे थांबत नाही. बेअरिंगे ठरावीक प्रमाणित मापांची असतात व त्यांचा क्रमांक कडेवर कोरलेला असतो. उदाहरणार्थ, ३०२०६ या क्रमांकातील शेवटच्या दोन अंकांना पाचाने गुणले की आतील छिद्राचे माप ३० मि.मी. येते, त्याचा बाहेरील व्यास ६२ मि.मी. असतो. ३२२०६ या बेअरिंगची ही दोन्ही मापे तीच, पण त्याची रुंदी अधिक. म्हणून क्रमांक अर्धवट सांगू नये. जुना भाग पुसून सोबत न्यावा. क्रमांक झिजला असल्यास व्हर्नियर कॅलिपरने आतील व्यास, बाहेरील व्यास व रुंदी ही तिन्ही मापे घ्यावीत. ऑइल सीललाही हाच नियम लागू आहे. बेअरिंगची आतील व बाहेरील कडी जोडीनेच बदलावी. आस जेथे बेअरिंग बसते तेथेच झिजला असेल, तर नवे बेअरिंगही टिकणार नाही, हे आधी पाहावे.

भाग योग्य मिळाला तरी तो बसविण्यात चूक होऊ शकते. हबमधील जुने ग्रीस पूर्ण काढून रॉकेल किंवा डिझेलने धुवावे, कोरडे करून नवे ग्रीस भरावे. चाक हाताने फिरवीत नट आवळावा, मग किंचित सैल करावा. चाक मोकळे फिरले पाहिजे. पण हलवून पाहता खडखडता कामा नये. स्प्लिट पिन नेहमी नवी घालावी. तिच्या जागी तार किंवा खिळा चालत नाही. पहिल्या चार-पाच किलोमीटरनंतर थांबून हबला हात लावावा. चटका बसला तर काहीतरी चुकले आहे, असे समजावे.

काही ठिकाणी मात्र तडजोड मुळीच करू नये. तडा गेलेला आस वेल्डिंगने जोडून रस्त्यावर आणू नये. ट्रॅक्टर व ट्रॉली जोडणाऱ्या पिनेऐवजी बांधकामाची सळई कापून घालू नये. पिनेला खालून अडक असावी व सोबत साखळीही असावी. एका आसावरील दोन्ही टायर सारख्याच मापाचे असावेत. मागे लाल रिफ्लेक्टर असावेत आणि भरलेल्या उसाच्या वाढ्यांनी ते झाकले जाऊ नयेत. अंधारात उभी असलेली ट्रॉली मागच्या वाहनास केवळ त्यांच्यामुळेच दिसते.

१९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे ट्रेलर हेही मोटार वाहनच आहे. त्याची नोंदणी लागते आणि नोंदणीपत्रातील तपशिलाशी न जुळणारे बदल मालकाला मनास येईल तसे करता येत नाहीत. म्हणून जुना आस काढून अधिक भाराचा बसविण्याचा विचार असल्यास आधी परिवहन कार्यालयात विचारणा करावी.

या कामी गावपातळीवरील कार्यकर्त्यांना पुष्कळ करता येईल. हंगामापूर्वी एक दिवस ठरवून गावातील ट्रॉल्या एकत्र तपासाव्यात. प्रत्येक ट्रॉलीच्या बेअरिंगचा क्रमांक, सीलची मापे व टायरचे माप एका वहीत नोंदवावे. एकाच मापाचे भाग अनेकांना लागत असतील तर ते एकत्र आणावेत, म्हणजे फेऱ्या वाचतील. पुढील वर्षी हीच वही उपयोगी पडेल.

बियाणे घेताना शेतकरी त्याची जात विचारून घेतो. अंदाजाने पेरीत नाही. चाकाच्या बेअरिंगबाबतही तेवढीच चोखंदळ वृत्ती हवी. त्या चाकावर ऊस असतो, आणि त्याच रस्त्याने शाळेतील मुले घरी जात असतात.