चाकू माझे, मूठ आत्याची

काही जणांना शूजचं वेड असतं, काहींना घड्याळांचं. माझं वेड सांगायला जरा अवघड आहे. सोमवारी सकाळी ऑफिसात कुणी विचारलं, ‘वीकेण्डला काय केलंस?’ आणि मी खरं उत्तर दिलं, ‘चाकूला धार लावत बसलो होतो’, की शेजारची खुर्ची हळूच अर्धा फूट लांब सरकते.

तर मंडळी, आधीच सांगतो. हे चाकू म्हणजे हिंदी सिनेमातल्या व्हिलनचा खट्कन उघडणारा रामपुरी नव्हे. (रामपूरला त्याचा अभिमान आहे बरं का, २०२३ मध्ये त्या शहरात तब्बल वीस फुटी चाकूचं शिल्प उभं राहिलं!) मी म्हणतोय ते खिशात मावणारे, मिटवता येणारे, चांगल्या पोलादाचे चाकू. पार्सलची चिकटपट्टी कापायला, सफरचंद सोलायला, ट्रेकला दोरी तोडायला. असे चार चाकू बॅगेत टाकून गेल्या मे महिन्यात मी कोकणकन्यानं पहाटे रत्नागिरीत उतरलो. प्लॅन सिम्पल होता. चौघांची तुलना करायची, हातात कोण कसा बसतो ते बघायचं आणि या पानासाठी झकास लेख लिहायचा. आंबे खाता खाता काम!

आत्याचं घर भाट्याच्या पुलापलीकडे. समुद्र दिसत नाही, पण वारा खारट. घरात शिरल्या शिरल्या एक गोष्ट खटकली. विळी जागेवर नव्हती. माझ्या लहानपणापासून स्वयंपाकघरात खिडकीखाली असायची ती, पातं पाटावर मिटवलेली, शेंड्याला खवणी. ती आता ओट्याखाली, वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवलेली. आत्याच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालंय, डॉक्टरांनी जमिनीवर बसायला साफ बंदी केलीय. ती खुर्चीत बसून सूचना द्यायची आणि भाजी चिरायला येणारी बाई चिरायची. कुणीतरी सहा सुऱ्यांचा सेट आणि चिरायचा बोर्ड आणून दिला होता, तो तसाच खोक्यात.

‘ह्या सुऱ्यांनी भाजी चिरत नाहीत रे, भाजीशी भांडतात,’ आत्या म्हणाली. मग जरा थांबून, ‘यंदा लोणचं विकतचंच आणू म्हणतेय.’

जिनं चाळीस वर्षं गावभर लोणच्याच्या बरण्या वाटल्या, ती विकतचं आणणार! मी तिच्या हाताकडे बघितलं. बोटांचे सांधेही सुजलेले. मला काय वाटलं कोण जाणे, मी बॅग उघडली.

‘आत्या, माझ्याकडे चार चाकू आहेत.’

‘चार? मेल्या, कुणाचा मुडदा पाडायचाय?’

आणि माझ्या लेखाचा प्लॅन तिथल्या तिथे बदलला. परीक्षक मी नाही, आत्या.

आधी स्पर्धकांची ओळख. पहिला, सगळ्यांच्या माहितीचा लाल स्विस चाकू, विक्टोरिनॉक्सचा. कार्ल एल्सनर यांनी १८८४ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या इबाखला कारखाना काढला, १८९१ मध्ये सैन्याला चाकू पुरवले आणि १८९७ मध्ये आजच्या लाल चाकूचा पूर्वज असलेला ऑफिसर चाकू आणला. नावातली व्हिक्टोरिया ही त्यांची आई, आणि ‘इनॉक्स’ म्हणजे न गंजणारं पोलाद. दुसरा फ्रान्सचा ओपिनेल, नंबर आठ. १८९० मध्ये सॅव्हॉयच्या डोंगरात जोसेफ ओपिनेलनं केलेला शेतकऱ्यांचा चाकू. बीच लाकडाची गोल मूठ, साडेआठ सेंटिमीटरचं पातं आणि पात्याच्या बुडाशी फिरवायची एक कडी. ही कडी १९५५ साली आली. ती फिरवली की पातं मिटत नाही. तिसरा स्पायडर्कोचा डेलिका, अमेरिकन कंपनी पण तयार होतो जपानमध्ये. पात्यात गोल भोक असतं, त्यात अंगठा घालून एका हातानं उघडायचा. हे भोक आणि खिशाला अडकवायची क्लिप, दोन्ही या कंपनीनं १९८१ मध्ये एकाच चाकूत आणली आणि सगळ्या धंद्याची चाल बदलली. चौथा माझा नाहीच, अमेरिकेतल्या मित्रानं सांभाळायला दिलेला ‘सेबेंझा’, क्रिस रीव्हचा. टायटॅनियमची मूठ, किंमत ४०० डॉलरच्या वर! सेबेंझा म्हणजे झुलू भाषेत काम. नाव कामाचं, पण तो वापरताना माझाच हात थरथरतो.

पहिला राऊंड उघडण्याचा. माझ्यासारखे शौकीन यावर तासन् तास बोलतात. किती स्मूथ, एका हातानं किती सेकंदांत. आत्यानं डेलिका घेतला, भोकात अंगठा घातला, फिरवायला गेली आणि ‘आई गं’ म्हणून सोडला. दोष चाकूचा नाही. अंगठ्याचं बूड दुखत असलं की नेमकी तीच हालचाल जमत नाही. स्विस चाकूला नखाची खाच असते, आणि आत्या नखं वाढवत नाही. सेबेंझाची खुंटीही अंगठ्याचीच. ओपिनेलचं पातं मात्र मिटलेलं असताना मुठीच्या वर दिसत राहतं. आत्यानं ते चिमटीत धरलं, दुसऱ्या हातानं मूठ धरली आणि उघडलं.

‘दोन हात लागतात याला,’ मी जरा तक्रारीच्या सुरात म्हटलं.

‘मग? विळीला काय एक हात लागतो?’

बॉस, बोलती बंद! एका हातानं उघडण्याचा एवढा गाजावाजा कशासाठी? दुसऱ्या हातात दोरी किंवा शिडी असलेल्या माणसासाठी. खुर्चीत बसून कैरी चिरणाऱ्या बाईचे दोन्ही हात मोकळेच असतात.

दुसरा राऊंड मुठीचा. विळीत खरी गंमत काय आहे हे मला इतक्या वर्षांत कधी कळलं नव्हतं, ते आत्यानं दाखवलं. विळीचं पातं जागचं हलत नाही, हलते ती भाजी. पाट पायानं दाबलेला, जोर खांद्यातून येतो, बोटांनी काहीही आवळून धरावं लागत नाही. सुरी हातात घेतली की उलटं होतं. कापायच्या आधी, कापताना आणि कापून झाल्यावरसुद्धा बोटं आवळलेलीच. आणि मूठ जितकी बारीक, तितकं जास्त आवळावं लागतं. खिशात मावावेत म्हणून महागडे चाकू चपटे करतात. दुकानात हातात घेतला की भारी वाटतं, दहा कैऱ्यांनंतर मात्र तळहाताला चपट्या कडा जाणवायला लागतात. क्लिपचंही तसंच. खिशासाठी वरदान आणि तळहातासाठी खडा. (ती क्लिप स्क्रूनं लावलेली असते, काढून टाकता येते. बऱ्याच जणांना हे माहीतच नसतं.) ओपिनेलची मूठ मधे फुगीर, गोल, शेवटाला पसरट. आत्याच्या मुठीत ती भरली.

तिसरा राऊंड कैरीचा, आणि इथं पोलादाच्या नावापेक्षा पात्याची जाडी बोलते. सेबेंझाचं पातं तीन मिलिमीटरच्या आसपास. असलं जाड पातं दणकट कामाला उत्तम, पण कडक कैरीत ते पाचरीसारखं शिरतं. फोड कापली जात नाही, फुटते. ओपिनेलचं पातं दोन मिलिमीटरपेक्षाही पातळ, सरळ आरपार जातं. डेलिका आणि स्विस चाकूही इथं छान चालले. बाठ्याला मात्र चौघांपैकी कुणालाच हात लावू दिला नाही. ते काम अडकित्त्याच्या जातीच्या कैरीकटरचं, उगाच हट्ट करू नये.

चौथ्या राऊंडमध्ये मी शहाणपणा केला. परसात फणस उतरवला होता. हाताला खोबरेल तेल चोपडून झालं होतं, तेवढ्यात बॅगेच्या तळाशी पडलेला एक जुना, रस्त्यावर घेतलेला, बिननावाचा आणि बिनलॉकचा चाकू हाताला लागला. म्हटलं यानं सुरुवात करू. टोक फणसात खुपसलं, दाबलं, आणि पातं मिटलं... माझ्या बोटावर! चूक चाकूची नव्हती, माझीच. ज्या चाकूला लॉक नाही, त्यानं ओढून कापायचं असतं, खुपसायचं नसतं. लॉक असला तरी तो कसा सुटतो तेही बघा. सेबेंझासारख्या चाकूत मुठीचीच एक पट्टी आतून पात्याला टेकू देते, आणि मिटवताना अंगठा क्षणभर पात्याच्या वाटेत येतो. डेलिकाचं बटण पाठीवर असतं, ते दाबताना अंगठा वाटेबाहेर, पण पातं बोटांवर पडू नये याची काळजी घ्यावीच लागते. ओपिनेलची कडी फिरवणं हळू काम आहे, पण बोट त्यात चुकत नाही.

गड्यानं माझ्या बोटाला हळद दाबली आणि हसत हसत स्वतःच्या कोयतीनं फणस फोडला. ती कोयती त्याच्या कमरेला मागे लाकडी आकडीत अडकवलेली असते. झाडावर चढताना दोन्ही हात मोकळे, हवी तेव्हा हातात. १९८१ ची क्लिप मला एकदम फार नवी वाटेनाशी झाली. आंबे काढायच्या झेल्याचंही असंच. दापोलीच्या कृषी विद्यापीठाचा ‘नूतन झेला’ आंबा देठासकट कापतो, कारण देठ तुटला की चीक फळावर ओघळतो आणि हापूसला डाग पडतो. हत्यार कुणाच्या हातात जाणार आणि काय कापणार, हे आधी ठरलं की आकार आपोआप ठरतो.

पाचवा राऊंड खाऱ्या वाऱ्याचा. माझा ओपिनेल कार्बन पोलादाचा. त्याला भन्नाट धार लागते आणि पटकन लागते, पण कैरीच्या आंबटानं पातं दोन मिनिटांत काळं पडतं. तो काळा थर म्हणजे गंज नव्हे, उलट तो तांबड्या गंजाला थोडा आळाच घालतो. तरी धुऊन, पुसून, तेलाचं बोट फिरवावं लागतं. विळीलाही आत्या तेच करायची, त्यामुळे तिला याचं काही विशेष वाटलं नाही. बाकी तिघे स्टेनलेस, आळशी माणसांचे मित्र. पण स्टेनलेस म्हणजे कधीच न गंजणारं असं नाही. मिरकरवाड्याच्या बंदरावर रोज काम असेल तर समुद्रासाठी खास केलेली पोलादं घ्यावीत. स्पायडर्कोची ‘सॉल्ट’ मालिका त्याच कामासाठी आहे. ओपिनेलची आणखी एक गोष्ट जगजाहीर आहे. लाकडी मूठ दमट हवेत फुगते आणि पातं आत घट्ट बसतं. त्यावर सॅव्हॉयच्या शेतकऱ्यांनी कधीच तोड काढलीय. मुठीचं मागचं टोक टेबलावर हलकेच आपटायचं, पातं थोडं वर येतं. रत्नागिरीचा पाऊस डोळ्यांपुढे आणून मी ही युक्ती आत्याला दोनदा करून दाखवली.

आता कामाच्या चार गोष्टी, कारण तुमच्यापैकी काही जण हे वाचून खरेदीला निघणार. चाकू आधी स्वतःच्या हातात घेऊन बघा, मुठीत पाच मिनिटं घट्ट धरून ठेवा, बोट कुठं दुखतं ते लगेच कळतं. विमानात जाताना तो चेक-इन बॅगेतच टाका, केबिनमध्ये चालत नाही. नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पात्याची हत्यारं घरकाम, शेती असल्या कामांसाठी नसतील तर शस्त्र कायद्याच्या नियमांत येतात. आपले खिशातले चाकू त्याहून खूप लहान. पण महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली मनाई आदेश लागू असला तर सार्वजनिक जागी चाकू बाळगायलाच बंदी असू शकते. सणासुदीला आणि निवडणुकांच्या आसपास असे आदेश निघतात. तेव्हा उगाच कूल दिसायला कमरेला लावून फिरू नका. घरी ठेवा, ट्रेकला न्या.

निकाल? माझ्या यादीत कित्येक वर्षं डेलिका पहिला होता आणि अजूनही माझ्या हातासाठी तोच पहिला. पण दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठलो तेव्हा आत्या पडवीत खुर्चीत बसली होती. मांडीवर परात, पुढ्यात स्टुलावर तो खोक्यातला बोर्ड, परातीत कैरीच्या फोडी. सगळ्या एकसारख्या नव्हत्या. विळीवर तिच्या फोडी मापानं कापल्यासारख्या असायच्या. मधेच ती थांबायची, बोटं उघडमीट करायची, पुन्हा चिरायची. येणाऱ्या बाईनं चाकू मागितला तर दिला नाही.

‘विळी ती विळीच,’ माझ्याकडे न बघता ती म्हणाली. ‘पण हा ऐकतो माझं.’

मी येताना चार आणि एक असे पाच चाकू घेऊन आलो होतो. बिननावाचा भंगारात गेला, तीन परत आले. सगळ्यात स्वस्त होता तो रत्नागिरीत राहिला. जुलैत कुरिअरनं एक बरणी आली, आणि त्या रात्री फोन.

‘लोणचं मुरू दे हं, लगेच उघडू नकोस. आणि गणपतीला येशील तेव्हा तुझा तो धारेचा दगड आण. बोथट झालाय मेला.’

चाकू बोथट होतो तो वापरल्यानंच. इतकी गोड तक्रार मी आजवर ऐकली नव्हती.