निकटचे म्हणजे कोण?

मराठी भाषेत नात्यांची मोठी चैन आहे. साडू, जाऊ, व्याही, विहीण, नणंद, भावजय – एकेका नात्याला स्वतंत्र शब्द. वर्गात ही यादी सांगू लागलो की मुले हसतात. साडू म्हणजे नक्की कोण, हे त्यांना बोटांवर मोजून काढावे लागते. पण यांतले जवळचे कोण आणि लांबचे कोण, हे ठरवण्याचा अधिकार आपल्याकडे घरातल्या वडीलधाऱ्यांना, फार तर एखाद्या करारी आत्याबाईंना. तो सरकारकडे गेला म्हणजे काय होते, ते करोनाच्या साथीत ऑस्ट्रेलियाने दाखवले.

२० मार्च २०२० रोजी त्या देशाने आपल्या सीमा बंद केल्या. आत येण्याची मुभा राहिली ती नागरिकांना, कायम रहिवाशांना आणि त्यांच्या निकटच्या कुटुंबीयांना. ऐकायला यात वावगे काहीच नाही. परंतु वाचकहो, कायद्यातला शब्द व्याख्येसकट वाचावा लागतो. निकटचे म्हणजे नवरा-बायको, अवलंबून असलेली मुले आणि लहान मुलांचे कायदेशीर पालक. कर्त्यासवरत्या माणसाचे आईवडील त्यात बसत नव्हते.

आमच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर एक निवृत्त दांपत्य राहते. त्यांची एकुलती मुलगी मेलबर्नला, तिथली कायम रहिवासी. तिचे दिवस भरत आले होते आणि काकूंची डिंकाच्या लाडवांची तयारी मार्चपासूनच सुरू होती. 'खास बाब' म्हणून परवानगी मागायची सोय होती, म्हणून काकांनी अर्ज केला. आता, हे काका स्वतः आयुष्यभर सरकारी हिशेबखात्यात. कागद कसा जोडावा, हे त्यांना कुणी शिकवायला नको. तरी अडचण निघालीच. मुलीचे माहेरचे नाव वेगळे, सासरचे वेगळे. आडनाव तर बदललेच, पण लग्नात ताम्हनातल्या तांदळावर अंगठीने पहिले नावही नवे लिहिलेले. ही मुलगी यांचीच, हे सिद्ध करायला जन्मदाखला, विवाहनोंदणी, राजपत्रातली जाहिरात, सगळ्यांची इंग्रजी भाषांतरे. ती मी करून दिली.

पाच आठवड्यांनी चार ओळींचा नकार आला. दुसऱ्या अर्जाचीही तीच गत.

"सर," काका म्हणाले, "अडतीस वर्षे मी लोकांच्या अर्जांत त्रुटी काढल्या. पण निदान काढल्या तरी! इथे त्रुटीसुद्धा सांगत नाहीत हो."

श्रावणात नात झाली. तेव्हा मेलबर्नमध्ये रात्री आठनंतर घराबाहेर पडायलाही बंदी होती. बारसे पडद्यावर झाले. काकूंनी इकडून पाळणा म्हटला. आवाज तिकडे अडखळत पोचत होता.

माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याची कथा उलटी. तो ब्रिस्बेनला पाच वर्षे नोकरीत. घर भाड्याचे, व्हिसा तात्पुरता. वडिलांच्या आजारपणासाठी मार्चच्या सुरुवातीला साताऱ्याला आला आणि इथेच अडकला. तिथे कर भरत होता, पण व्याख्येप्रमाणे रहिवासी नव्हता! भाडे काही महिने भरले, मग मित्राने सामान उचलून आपल्या गॅरेजात ठेवले. त्याच्यासारख्यांना सरसकट दार उघडले ते १५ डिसेंबर २०२१ रोजी.

सीमा बंद केल्याच कशाला, असे मी म्हणणार नाही. २०२१ च्या जूनअखेरपर्यंत त्या देशात करोनाने हजाराहून कमी माणसे गेली; आपल्याकडचा त्या वर्षीचा एप्रिल-मे आठवला की पुढे बोलवत नाही. आणि परवान्यांचा काच आपणही सोसला आहे. २०२० च्या सप्टेंबरापर्यंत पुण्याहून साताऱ्याला जायलासुद्धा ई-पास लागत असे. दार लावण्याबद्दल तक्रार नाही. दाराशी बसवलेला कारकून कुणाला माणूस समजतो, एवढाच माझा प्रश्न आहे. बाहेर गेलेल्या नागरिकांनाही जुलै २०२० पासून ठरावीक संख्येनेच आत घेत. ३ मे २०२१ पासून तर, आधीच्या १४ दिवसांत भारतात राहिलेल्याने तिथे पाऊल ठेवणे हाच गुन्हा ठरला, मग तो नागरिक का असेना. शिक्षा ५ वर्षांपर्यंत कैद किंवा ६६ हजार डॉलरपर्यंत दंड. तेव्हा नऊ हजारांवर ऑस्ट्रेलियन भारतात अडकले होते. बंदी १५ मे रोजी उठली, पण दीडशे जणांसाठीचे पहिले विमान डार्विनला उतरले ते जेमतेम निम्मे भरून. उरलेले चाचणीत बाधित, नाहीतर बाधितांच्या सहवासातले ठरले होते.

पुढे ऑक्टोबर २०२१ मध्ये जाहीर झाले, की १ नोव्हेंबरपासून आईवडीलही निकटचे कुटुंबीय! सव्वीस अक्षरांचे पत्रक असते तरी चालले असते; त्याला दीड वर्ष लागले. काकूंनी पेढे वाटले. काका मात्र कागद चाळत बसले, कारण काकूंची लस कोविशिल्ड आणि त्यांची कोवॅक्सिन. पहिलीला तिथली मान्यता १ ऑक्टोबरलाच मिळाली होती. दुसरी महिनाभर लटकली आणि १ नोव्हेंबरला सुटली.

मार्गशीर्षात दोघे गेले. विमानतळावर नात आईच्या मागे लपली आणि पुढे येईना. काकूंनी पिशवीतला फोन काढला, त्यात स्वतःचा चेहरा दाखवला, मग तो खाली करून खरा. मुलीने तीनदा फोनकडे पाहिले, तीनदा काकूंकडे, आणि मग हात पुढे केले.